‘हं’च्या जागी

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, असं ती चारचौघांत सांगते आणि मी मान डोलावतो. एक गोष्ट तिला ठाऊक नाही. मुलीला नाही, गावाकडच्या भावाला नाही — आणि जिच्याबद्दल ती आहे, तिला तर मुळीच नाही. पहिल्यांदा तुमच्यापाशी बोलतोय. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही नाही. लिहायला बसल्यापासून दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

दिसायला गोष्ट अगदी लहान आहे. इंग्रजीतले ते बारके शब्द असतात ना — इन, ऑन, टू, विथ, ऑफ — त्यांची. एवढ्याशा शब्दांनी कुणाचं काय बिघडणार, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत इतकी वर्षं काढली.

मी पालघरला राहतो आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. मूळचा जळगावकडचा. शाळा मराठी. रसायनशास्त्राची पदवी इंग्रजीतून घेतली खरी, पण ते इंग्रजी समीकरणांच्या काठीवर चालणारं. आकडा बरोबर आला की वाक्य लंगडं असलं तरी गुण मिळत. आकड्यांशी माझं पहिल्यापासून जमतं. आकडा एक तर बरोबर असतो, नाही तर चूक. त्याच्यापाशी मला कधी भीती वाटली नाही. पण कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो आणि कळलं की इथे आकड्याच्या मागे वाक्यही उभं करावं लागतं. एखादी बॅच बिघडली तर का बिघडली, कुणी काय पाहिलं, पुढे काय करणार — सगळं इंग्रजीत लिहायचं. आणि ते परदेशातून आलेला तपासनीस वाचणार.

माझं घोडं दर वेळी त्या बारक्या शब्दांपाशी अडायचं. मराठीत हे शब्द नामाच्या शेपटीला चिकटून येतात — मर्यादेत, मर्यादेशी, मर्यादेपासून — विचारही करावा लागत नाही. इंग्रजीत ते सुटे उभे असतात, आणि कुठला कुणाबरोबर जाईल याला काही हिशेब नाही. हिशेब नाही, हेच मला सोसत नसे. अहवाल लिहून झाला की प्रत्येक बारक्या शब्दाखाली मी पेन्सिलीनं टिंब द्यायचो, म्हणजे शंका. माझा कागद गोवर आल्यासारखा दिसायचा.

मग नयना.

नयना मेहेर माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याबरोबरच लागली. शिरगावची. वडील होडीवर जायचे. ते ती कॉलेजात असतानाच वारले. घरी आई, आणि आईची नजर अधू होत चाललेली. तिचीही शाळा मराठीच, तिचंही घोडं त्याच जागी अडायचं. फरक एवढाच की तिला त्याची लाज वाटत नसे. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “चौधरी, इंग्लिश लिवताना तोंड असं काय करतोस? दात दुखतो काय तुजा?”

आमच्या कामात एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. महत्त्वाचं मोजमाप कधीही एकट्याचं धरत नाहीत. एकाच नमुन्यावर दोघं जण वेगवेगळं काम करतात. पहिल्यानं आपला आकडा दुसऱ्याला दाखवायचा नाही, दुसऱ्यानं बघायचा नाही. शेवटी दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. जुळले तर पुढे. नाही जुळले तर पुन्हा पहिल्यापासून. आणि या कामातलं मोठं पाप कोणतं? दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा चोरून बघायचा आणि आपला त्याच्या जवळपास लिहून टाकायचा. नवी पोरं करतात. वेळ वाचतो, कुणाला कळत नाही. मी ते कधी केलं नाही. त्याचा मला अभिमान होता — अजूनही आहे, आणि म्हणूनच हे सगळं लिहिताना मला माझंच हसू येतं.

ही रीत नयनानं आमच्या इंग्रजीला लावली. तिचीच कल्पना. कंपनीची बस आम्हाला पालघर स्टेशनजवळून उचलायची. ती शिरगावहून रिक्षानं यायची, मी चालत. बसमध्ये शेजारी बसायचं, आणि आपला कागद आपल्याच छातीशी धरून एकानं वाक्य वाचायचं. बारका शब्द आला की तो उच्चारायचा नाही. त्याच्या जागी नुसतं “हं” म्हणायचं. दुसऱ्यानं त्या ‘हं’च्या जागी आपल्याला जो योग्य वाटतो तो शब्द सांगायचा — कागद न बघता. दोघांचा एकच निघाला की बरोबरची खूण. वेगळे निघाले की कारखान्यात पोचल्यावर प्रयोगशाळेच्या कपाटातला जाडजूड शब्दकोश उघडायचा. हातात सगळं सांगणारे फोन तेव्हा आलेले नव्हते.

वाटेतलं उमरोळी येईपर्यंत आमचं हे चालायचं आणि सगळी बस ऐकायची. मागच्या बाकावर बॉयलरवरचे यादवजी बसत. ते एकदा वैतागून ओरडले, “अरे चौधरी साब, ये अंग्रेजी है कि डॉक्टर की जाँच? हं… हं… लंबी साँस लो!” त्या दिवसापासून आमचं नावच पडलं. बसमध्ये चढलो की कुणीतरी विचारायचं, “काय डॉक्टर, आज कुणाची तपासणी?” नयना तेवढ्याच मोठ्यानं सांगायची, “आज चौधरीचा पेशंट हाय. वाचंल असं वाटत नाय.”

हसत हसत माझं इंग्रजी सुधारलं. हे मी उपकार मानून लिहितोय. त्याला दुसरा शब्द नाही. आज माझा अहवाल कुणी वाचला तर त्याला एकही टिंब दिसत नाही. पगारवाढ झाली, पालघरला घर झालं, परदेशातून आलेल्या माणसासमोर ताठ बसून उत्तर देता येतं — यातलं काय मी एकट्यानं केलं? काहीच नाही. माझं लग्न झालं तेव्हा नयनाच्या आईनं तिच्या हाती पिशवी पाठवली. पिशवीत सुके बोंबील. माझी बायको जळगावची, शाकाहारी घरातली. वासानंच अर्धी झाली, पण काही बोलली नाही. नयनानं तिचं तोंड पाहिलं आणि पिशवी परत नेली. पुढच्या आठवड्यात ताडगोळे आले. त्यानंतर दर उन्हाळ्यात आले. “आयेनं दिलंत. म्हनली, चौधरीच्या सुनेला म्हावऱ्याचा वास सोसवत नाय तर गोड धाड.” त्या माउलीला ‘चौधरी’ म्हणजे कुणी म्हातारा वाटत असणार, म्हणून माझी बायको ‘चौधरीची सून’. ते आम्ही कधी दुरुस्त केलं नाही.

बघा, मी किती वेळ ताडगोळ्यांवर काढतोय.

अशी काही वर्षं दुसऱ्याचं ऐकत काढली की काय होतं? त्याच्या चुका आपल्याला पाठ होतात. प्रयोगशाळेत काचेची लांब नळी असते, थेंब थेंब सोडून मापायची. प्रत्येक नळीचा स्वतःचा एक दोष असतो. एखादी कायम जरा जास्त दाखवते, एखादी कमी. रोज हाताळणाऱ्याला तो दोष ठाऊक असतो, आणि तो मनातल्या मनात तेवढी वजावट करतो. नयनाचंही मला तसंच झालं होतं. कुठल्या शब्दापुढे ती काय बोलणार हे मला आधीच कळायचं. तिला काही जागी हमखास ‘टू’ सुचायचा, जिथे ‘विथ’ हवा. काही जागी काहीच नको असताना ती ‘अबाउट’ घालायची. तिच्याही ध्यानात माझे दोष असतीलच. एवढं एकमेकांचं ठाऊक असणं ही केवढी मोठी गोष्ट — नाही का? विश्वासाशिवाय कुणी कुणाला आपल्या चुका रोज मोठ्यानं वाचून दाखवील?

आता सांगतो.

आमच्याकडे कागदपत्रांच्या विभागाला नवा प्रमुख नेमायचा होता. काम तेच — अहवाल तपासणं, नियमाप्रमाणे आहेत की नाहीत ते पाहणं — पण त्या जागेला पाळ्या नव्हत्या. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं. नयनाला ती जागा हवी होती आणि का हवी होती, ते तिनं मला बसमध्येच सांगितलं होतं. आईला आता तिन्हीसांजेनंतर काहीच दिसत नव्हतं. नयनाची दुपारची पाळी असली की दिवेलागणीला घरात कुणी नाही. शेजारची सून येऊन दिवा लावून जाई. पण म्हातारी ओट्यावरून आत जायची नाही. रस्त्यावर रिक्षाचा आवाज आला की विचारायची, “नयना आली काय?” हे सांगतानाही नयना हसत होती. म्हणाली, “सगल्या रिक्षावाल्यांना पाट झालंय. लांबूनच वरडतात, नाय आली आये, पुडच्या गाडीत!”

जागा मलाही हवी होती. मला का हवी होती, ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते कारण दिल्यासारखं होईल.

दोघांनी नावं दिली. साहेबांनी दोघांना एकाच बिघडलेल्या बॅचची माहिती दिली आणि सांगितलं, यावर एक पानभर अहवाल लिहून आणा. नयनानं मला लगेच विचारलं, “आपलं रोजच्यासारकं?” मी म्हटलं, “म्हणजे काय! रोजच्यासारखंच.” आम्ही एकाच जागेसाठी उभे आहोत हे तिच्या लेखी आड येणारं नव्हतंच. माझ्या लेखी? तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं नाही ते बहुधा उत्तर ठाऊक होतं म्हणून.

आधी मी वाचलं. ‘हं’, ‘हं’ करत माझं पान संपलं. दोन जागी आमचं जुळलं नाही. शब्दकोशात पाहिलं तर दोन्ही जागी तिचं बरोबर, माझं चूक. मी सुधारून घेतलं. ती म्हणाली, “झाला तुजा पेशंट बरा.”

दुसऱ्या दिवशी तिची पाळी. तिनं कागद छातीशी धरला आणि वाचायला लागली. मी ऐकत होतो आणि ऐकता ऐकता मला कळत होतं की हा अहवाल माझ्याहून चांगला आहे. बॅच का बिघडली याचं मी एक कारण दिलं होतं. तिनं त्या कारणाच्या मागचं कारण शोधलं होतं. मग एक वाक्य आलं. बॅच ठरलेल्या मर्यादेत बसत नाही, अशा अर्थाचं. “इन कंप्लायन्स — हं — द लिमिट.” आणि ती थांबली.

माझ्या मनात ‘विथ’ आला. अगदी ताबडतोब आला, शंका नव्हती. आणि त्याच क्षणी हेही कळलं की तिनं ‘टू’ लिहिलंय. तिचा दोष मला पाठ होता ना. मी ‘विथ’ म्हटलं असतं तर जुळलं नसतं, शब्दकोश उघडला असता, ती चूक निघाली असती. एवढंच करायचं होतं. रोज करत होतो तेच.

मी म्हटलं, “टू.”

ती खूश झाली. “जुललं!” म्हणाली आणि बरोबरची खूण केली.

अशी तीन ठिकाणं निघाली. पहिल्या वेळी तोंडून निसटलं असं म्हणता येईल का? म्हणून पाहिलं, खूपदा. पण दुसऱ्या वेळी निसटत नाही. तिसऱ्या वेळी तर मी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग चुकीचा शब्द सांगितला — म्हणजे अभिनयही केला. तिला कुठेही खोटं वाटेल असं मी काही ठेवलं नाही. नव्या पोरांना मी ज्यासाठी रागवायचो, तेच केलं. पण उलट बाजूनं. ती पोरं दुसऱ्याचा आकडा बघून आपला जुळवतात, कारण त्यांना बरोबर आकडा काढायचा कंटाळा असतो. मी बरोबर आकडा काढला होता. तो बाजूला ठेवला आणि तिच्या चुकीशी माझं उत्तर जुळवलं.

बसमधून उतरताना तिनं माझे आभार मानले. “तुज्यामुलं भ्या गेलं बग,” म्हणाली.

काही दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. माझ्यासमोर दोन्ही पानं ठेवली होती. साहेब म्हणाले, “चौधरी, खरं सांगतो, बाईंचं डोकं तुमच्यापेक्षा पुढे चालतं. पण परदेशी माणूस वाचणार. हे छोटे शब्द घसरले की त्याचा मोठ्या शब्दांवरचा विश्वासही उडतो. तुमचं पान स्वच्छ आहे.” आणि मग त्यांनी सरळच विचारलं, “तुम्ही दोघं एकमेकांचं तपासता ना? बसमधलं तुमचं ते ऐकलंय मी. मग हे कसं राहिलं?”

इथे मला दुसरी संधी होती. कुणाला अशी दुसरी संधी मिळते, तीही समोरून विचारून?

मी म्हटलं, “हे पान मी पाहिलं नव्हतं, सर.”

तसं ते अक्षरशः खरंच होतं. कागद तिच्या छातीशी होता. मी पाहिला नव्हता. खोटं बोलताना मी एवढं काटेकोर राहिलो, हे आठवलं की मला स्वतःच्या काटेकोरपणाचीच किळस येते.

जागा मला मिळाली.

साहेबांनी नयनाला तिचं पान परत दिलं, चुकांखाली रेघा मारून. दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली तेव्हा मला वाटलं, कळलं हिला. तिनं पान उलगडलं, तिन्ही रेघांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बग ना चौधरी. तिनी ठिकानी आपलं जुललं व्हतं. म्हंजे मी चुकले तशी तू पन चुकला असतास. बरं वाटलं बाबा मला. रातभर वाटत व्हतं, आपन एकटीच ढ हाय.”

मी काय म्हणालो असेन?

मी “हो ना” म्हणालो.

माझं खोटं तिच्या उपयोगी पडत होतं. त्या पानावर तिच्या हातात उरलेला तो एकच आधार होता, आणि तो मी बनवलेला होता. जागा तर गेलीच होती, खरं सांगितलं असतं तर आधारही गेला असता — असं मी स्वतःला किती दिवस सांगत होतो! पण मी गप्प राहिलो ते तिच्या आधारासाठी नाही. मी गप्प राहिलो, कारण मी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येत होतो आणि मला ते आवडत होतं.

तिच्या आईच्या संध्याकाळी पुढेही तशाच गेल्या. मी बसमधून उतरून घराकडे चालत जायचो, स्टेशनाबाहेर शिरगावच्या रिक्षा उभ्या असायच्या, आणि त्या म्हातारीचा प्रश्न माझ्या कानात यायचा. तिच्या तोंडून मी तो कधी ऐकला नव्हता. तरी यायचा. साहेबांची बदली झाली तेव्हा निरोपाला सगळ्यांत मोठा हार मी आणला होता. लोक म्हणाले, चौधरी कृतज्ञ माणूस आहे. ‘चौधरींनी तुमचं पान पाहिलं नव्हतं ना’ हे वाक्य साहेबांच्या तोंडून कधीतरी नयनासमोर निघेल, ही धास्ती त्यांच्याबरोबर जात होती, त्याचा तो हार होता.

आणि ताडगोळे? ताडगोळे त्या उन्हाळ्यातही आले. जास्तच आले. “आये म्हनली, चौधरीला बडती मिलाली.”

नयनानं त्या तीन रेघांचं काय केलं, ते मात्र माझ्यासारख्याला जमलं नसतं. तिनं आमच्या रीतीतच दोष शोधला. म्हणाली, दोघं एकाच मातीतले असले तर एकसारखेच चुकतात. दोन नळ्या सारख्याच बिघडलेल्या असल्या तर आकडे जुळणारच. त्यावरून ते बरोबर आहेत असं नाही ठरत. तेव्हापासून तिनं नियम केला — जुळलं तरी शब्दकोश बघायचा. प्रत्येक वेळी. कंटाळा आला तरी. त्या नियमानं ती असं इंग्रजी लिहायला लागली की वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्यानं तिला बोलावून घेतलं, कागदपत्रांची प्रमुख म्हणून. पाळ्या नसलेली जागा. तोवर बराच काळ गेला होता, पण आईची शेवटची काही वर्षं संध्याकाळी ती घरी होती. हे झालं म्हणून मी देवाचे आभार मानतो. पण त्यात माझा वाटा नाही, आणि त्यानं माझं काही फिटत नाही.

मी ज्या नियमाचा आज रोज फायदा घेतो, तो तिनं माझ्या खोट्यावर उभा केला. माझ्या विभागातली मुलं अहवाल आणतात तेव्हा मीही सांगतो, जुळलं तरी बघा. ती विचारतात, का सर? मी म्हणतो, तशी रीत आहे.

आता नयना रविवारी सकाळी मुलींचा वर्ग घेते. पाम गावात एक खोली आहे, तिच्या मैत्रिणीच्या घरची. कारखान्यांत नव्यानं लागलेल्या मुली येतात, कुणी आतल्या पाड्यांवरून येतात. अर्ज कसा लिहायचा, मेल कसा लिहायचा ते शिकतात. पैसे घेत नाही. माझी मुलगी ऋचा बारावीत आहे. इंग्रजी शाळेत शिकलेली. तरी मी तिला मुद्दाम धाडलं. ती कुरकुरली. “बाबा, हल्ली फोनच सगळं सांगतो.” पहिल्या रविवारी परत आली ती वेगळीच. म्हणाली, “मावशी म्हणाल्या, फोनला पण विचारायचं, पण त्याच्यावर पण विसंबायचं नाही. तो कधी कधी तुमच्या मनासारखंच बोलतो.”

‘मावशी’ म्हणते ती तिला. आमच्या घरातलं माणूसच झाली आहे नयना. ऋचाच्या जन्माच्या वेळी माझी बायको घाबरली होती. तिचा हात धरून बसली होती ती नयनाच. मी तेव्हा बाहेरच्या बाकावर होतो. आत एक बाई माझ्या बायकोला धीर देत होती आणि तिचं मी काय केलंय हे त्या दवाखान्यात फक्त मला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी जेवायला बसलो होतो, ऋचा वर्गाहून आली होती. हात धुता धुता म्हणाली, “बाबा, आज मावशींनी तुमची गोष्ट सांगितली सगळ्यांना.” माझा घास हातातच राहिला. “बसमधल्या त्या ‘हं’ची. त्यांना एक जागा हवी होती, पानावर तीन चुका राहिल्या, आणि तुम्ही दोघं तिन्ही जागी एकसारखेच चुकलात. मावशी म्हणाल्या, ‘हिचा बाबा माज्यासंगं चुकला म्हनून मी बचावले. एकटी चुकले असते तर लिवनंच सोडलं असतं.’ खरंच का हो बाबा? तुम्हीपण चुकलात?”

बायको हसली. “चुकला म्हणजे! तुझा बाप तेव्हा कसं लिहायचा ते मला विचार.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. पामच्या त्या खोलीतल्या मुली मला दिसत होत्या, ज्यांनी ती गोष्ट ऐकून मनात म्हटलं असेल, एवढे मोठे लोक चुकतात तर आपण चुकलो म्हणून काय झालं. किती जणींनी त्या दिवशी न भिता पहिलं वाक्य लिहिलं असेल? आणि ऋचा — उत्तराची वाट बघत उभी, ओले हात तसेच.

मी म्हटलं, “हो. चुकलो.”

ऋचाचं समाधान झालं. ती जेवायला बसली. पुन्हा एकदा सगळ्यांचं जुळलं होतं.

मी तिच्या ताटात भाजी वाढली.

नयना मराठीतलं मिळेल ते वाचते. हे छापलं गेलं तर तिच्या हाती पडेल, आणि पहिल्या दोन परिच्छेदांत तिला कळेल कुणी लिहिलंय. तिनं पुढे काय करावं, हे मी सांगणारा कोण? पामच्या मुलींना पुढच्या रविवारी कुठली गोष्ट सांगायची ते तिचं ती ठरवील. तिनं मला जे दिलं, त्यातलं काही मी परत करू शकत नाही. फक्त तिच्या गोष्टीतला एक आकडा चुकीचा आहे आणि तो मी भरलेला आहे, एवढं माझ्या हातानं लिहून ठेवतो.

नयना, आपण एकसारखे चुकलो नव्हतो. तू वाचत होतीस, ‘हं’ म्हणून थांबलीस. बरोबर शब्द माझ्या तोंडाशी आला होता. मी तो गिळला आणि दुसरा सांगितला.